बंदूक जाणकाराला दाखवण्याआधी

वाडा पाडायचा ठरतो, वाटण्या निघतात, आणि माळ्यावरच्या पोत्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक खाली येते. घरातलं कुणीतरी लगेच विचारतं, ‘हिचे किती येतील?’ उत्तर देणारा माणूस येण्याआधी घरच्यांनी उरकायची कामं बरीच आहेत. क्रम चुकला तर किंमत घटते, आणि एखाद्या वेळी जिवावरही बेततं.

सर्वांत आधी ती भरलेली नाही ना, हे बघा. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरतात, त्यामुळे वरून काही कळत नाही, आणि आतली दारू कोरडी राहिली असेल तर कित्येक वर्षांनीही पेटते. नळीचं तोंड कुणाकडेही नको, घोड्याला किंवा चापाला हात नको. एक सरळ लाकडी काठी नळीत हलकेच सोडा, ठोकू नका. तोंडापाशी पेन्सिलीनं खूण करा, काठी काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. टोक कानापर्यंत, म्हणजे रंजक (आतल्या बाराला आग लावणारी चिमूटभर दारू) पेटते त्या भोकापर्यंत पोहोचलं तर नळी रिकामी. दोन-चार बोटं अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे. ती चिंधी असेल, कुंभारीण माशीचं घर असेल किंवा भरलेला बार असेल. ते घरी उकरू नका, शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराला बोलवा. काडतुसाच्या बंदुकीला ही रीत लागू नाही, ती थेट जाणकाराच्याच हाती द्या.

मग कायदा. ‘जुनी आहे, परवाना कशाला’ हे गावोगाव ऐकू येतं आणि ते अर्धवट आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये सूट आहे ती कालबाह्य धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला, आणि तेही दुरुस्त करून किंवा न करता वापरता येण्यासारखं नसेल तरच. म्हणजे नुसतं वय पुरत नाही. कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने आहेत, ते काही उगाच नाही. तुमची बंदूक कुठल्या खणात बसते ते स्वतः ठरवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे, लेखी विचारा. परवानाधारक वारले असतील तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून वारसानं अर्ज करायचा असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका-पिस्तुलं ठेवता येतात आणि वारशानं आलेलीही त्यात मोजली जातात. सूट मिळावी म्हणून नळीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग मारणं हा तर भलताच उद्योग: त्यानं कायद्याचं काम होईलच असं नाही, बंदूक मात्र कायमची जाते.

आता मला सर्वांत कळकळीनं सांगायचं ते. पुसू नका, घासू नका. दसऱ्याला शस्त्रपूजा असते, म्हणून आदल्या दिवशी घरातली माणसं हौसेनं बंदूक चकाचक करतात. आमच्या आजोळी एक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीनं पेटवायची, बंदूक होती. मामा दरवर्षी तिला चिंच आणि राख लावून काथ्यानं घासायचे. भक्तीच होती ती, त्यांना दोष नाही. पण नळीच्या मुळाशी कोफ्तगिरी होती, म्हणजे पोलादाला बारीक चरे पाडून त्यावर ठोकून बसवलेली सोन्याची तार. मी भिंग घेऊन बसलो तेव्हा तिथे चरे तेवढे दिसले आणि एका कोपऱ्यात, बंदाखाली झाकलेल्या जागी, गव्हाच्या दाण्याएवढं सोन्याचं पान. सोनं चिंचेनं विरघळत नाही, ते राखेनं खरवडून गेलं होतं. जुन्या पोलादावर जी काळपट तपकिरी साय धरते तीच वयाची साक्ष असते, आणि ती गेली की परत आणता येत नाही. चंदेरी रंग, फ्रेंच पॉलिश, नवे स्क्रू, यातलं काहीही आता करू नका. कोरड्या सुती कापडानं धूळ टिपा, हातमोजे घाला, कारण घामाची बोटं पोलादावर उमटतात. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत दमट राहून गंज चढतो.

त्यानंतर मोजमाप. नळीची लांबी, एकूण लांबी, तोंडाचा आतला व्यास आणि वजन वहीत लिहा. यांचा उपयोग लगेच होतो. ब्राऊन बेस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रिटिश बंदुकीत नळी 46 इंची, 42 इंची की 39 इंची यावरून घडण कळते. 39 इंची ती ‘इंडिया पॅटर्न’. पेटवायची रीतही लिहा: तोड्याची, चकमकीच्या गारेची, की केपाची, म्हणजे घोडा आपटून फुटणाऱ्या टोपीची. फोटो दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात काढा. खुणांचे फोटो काढताना बॅटरी आडवी धरा, झिजलेलं अक्षर सावलीनं उठून दिसतं.

खुणा शोधायला एक अख्खी दुपार द्या. कलाच्या, म्हणजे घोडा बसवलेल्या यंत्रणेच्या, पट्टीवर चार खणांचं बदाम, त्यात व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखं चिन्ह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची खूण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिच्या जागी मागच्या पायांवर उभा सिंह आला. मात्र देशी कारागीरही या खुणांची नक्कल करत. अक्षर उलटं, वेडंवाकडं किंवा भलत्याच जागी असेल तर तेही जाणकाराला सांगा, लपवू नका. नळीवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली देवनागरी अक्षरं असतील तर ती एखाद्या संस्थानाच्या शिलेखान्याची, म्हणजे शस्त्रागाराची, नोंद असू शकते. बिकानेरच्या शस्त्रांवर अशा नोंदी आढळतात. मोडी असेल तर मोडीवाचक गाठा. खुणेतलं वर्ष शालिवाहन शकातलं असेल तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा, सुहूर सन (मराठी दप्तरांतली जुनी कालगणना) असेल तर 599 किंवा 600. ही बेरीज साधी आहे, पण हिजरीला सुहूर समजलं तर बंदूक एका झटक्यात चुकीच्या काळात जाते.

कागद तर लोखंडाहून जड भरतात. 2023 च्या मे महिन्यात लंडनमध्ये टिपू सुलतानाची शयनगृहातली तलवार सुमारे 1 कोटी 40 लाख पौंडांना गेली. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती जनरल बेअर्डला दिली गेली होती, आणि कुणाकडून कुणाकडे गेली ही साखळी सांगता येत होती. आपल्याकडे तेवढं नसेल, पण आजोबांचा इंग्रजी अमदानीतला परवाना, एखादी सनद, वाटणीपत्रातली ‘बंदूक नग 1’ ही ओळ, पणजोबांचा बंदूक घेतलेला फोटो, हे सगळं एका फाइलीत लावा. घरात सांगितली जाते ती गोष्टही लिहा, पण ‘आजीनं सांगितलं’ असं म्हणून. ‘पानिपतावर होती’ हे पुराव्याशिवाय ठोकून दिलं की जाणकार बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही संशयानं बघतो.

किंमत कशासाठी हवी तेही आधी ठरवा. वाटणीसाठी, विम्यासाठी की विक्रीसाठी, आकडे वेगळे येतात. मोबाइलवर लंडनच्या लिलावाचा आकडा बघून हुरळू नका. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं गिऱ्हाईक भारतातलंच, आणि पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्यालाही परवाना लागतो. दस्त्यात हस्तिदंत जडवलेला असेल तर वन्यजीव कायदा आडवा येतो, तेव्हा तो आधीच सांगा. आणि दुर्मिळपणा पुरवठ्यावरही अवलंबून असतो. 2003 मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला आणि एरवी क्वचित दिसणारे नमुने ढिगानं बाजारात आले.

बंदूक घेऊन एसटीत बसू नका. आधी फोटो आणि मापं पाठवा, मग जाणकाराला घरी बोलवा. खरेदीत रस असलेला आणि किंमत सांगणारा एकच माणूस नसावा, निदान दोघांना दाखवा. मूल्यांकन लेखी घ्या, त्यात तारीख, कारण आणि कशाच्या आधारावर आकडा काढला ते मागा. प्रत्येक भावंडाला त्याची एकेक प्रत द्या, आणि मूळ कागद परवान्याच्या फाइलीत लावा.