इंटरॅक्टिव्ह कलाकृती घरी चालते, प्रदर्शनात रुसते: या चुका टाळा

उद्घाटनाच्या संध्याकाळी इंटरॅक्टिव्ह, म्हणजे प्रेक्षकाच्या हालचालीला उत्तर देणारी, मांडणी बंद पडली की खापर कोडवर फुटतं. कोड तपासावाच. पण बऱ्याचदा दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं असतं. प्रेक्षक इथे येऊन नेमकं काय करणार, आणि ही वस्तू आपल्याला उत्तर देतेय हे त्याला कशावरून कळणार, हे ठरण्याआधीच तारा जोडायला घेतलेल्या असतात.

सेन्सर आधी, माणूस नंतर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतून सेन्सरची, म्हणजे हालचाल, अंतर, स्पर्श ओळखणाऱ्या सुट्या भागांची, पिशवी भरून आणायची आणि मग ‘याचं काय करता येईल?’ म्हणून बसायचं, ही नेहमीची सुरुवात. शिकायला ती उत्तम आहे. कलाकृतीसाठी मात्र उलटीकडून या. दालनात शिरलेला माणूस चालेल, थबकेल, हात पुढे करेल, की नुसता मोबाइल काढून फोटो घेईल? हे ठरलं की कोणता सेन्सर लागेल ते फारसं शोधावं लागत नाही.

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची २००६-०७ मधली ‘शॅडो’ मालिका पाहा. समोर उभं राहिलं की भिंतीवर आपली सावली उमटते आणि इतर वस्तूंच्या सावल्या तिला येऊन चिकटत जातात. सावलीचं काय करायचं हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या कृतीशेजारी ‘कृपया हात हलवा’ अशी पाटी लावावी लागत असेल, तर पाटीचा फॉन्ट बदलून काही होणार नाही.

यावर स्वस्त उपाय आहे. एक ओळही कोड न लिहिता पुठ्ठ्याची प्रतिकृती करा, पडद्यामागे एका मित्राला डिमर घेऊन बसवा आणि शेजारपाजारच्या चार जणांना आत सोडा. सेन्सरचं काम मित्र करेल. लोकांना गंमत वाटली तरच पुढचा खर्च.

उत्तर येतं, पण कळत नाही

ही चूक या क्षेत्राइतकीच जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मायरन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ग्लोफ्लो’ नावाची अंधारी खोली उभारली. भिंतींवर चमकत्या द्रवाच्या नळ्या, जमिनीत पावलाचा दाब ओळखणारे पॅड. वातावरण शांत राहावं म्हणून प्रतिसाद मुद्दाम उशिरा ठेवलेला. झालं असं की खोली आपल्या पावलांना उत्तर देतेय हे बऱ्याच जणांच्या लक्षातच आलं नाही. क्रूगर यांनी त्यातून धडा घेतला आणि पुढच्या कामांत प्रतिसादालाच कलेचं माध्यम मानलं.

माझं मत असं, की मुख्य प्रतिसाद संथ असायला काहीच हरकत नाही. पण ‘तुला पाहिलं’ एवढी खूण ताबडतोब मिळायला हवी. साधारण दशांश सेकंदाच्या आत आलेली खूण आपल्याला तत्काळ वाटते. दिवा किंचित उजळला, हलकासा आवाज झाला, तरी पुरे. मग खुशाल दहा सेकंद घ्या.

उशीर कुठे होतोय ते अंदाजाने शोधू नका. मोबाइलच्या स्लो मोशनवर, २४० फ्रेमच्या वेगाने, तुमचा हात आणि पडदा एकाच चौकटीत चित्रित करा. हात हलल्यापासून पडदा बदलेपर्यंतच्या फ्रेम मोजा. प्रत्येक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंदांची. प्रोजेक्टरमध्ये उशीर कमी करणारा ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करून पुन्हा मोजा. आर्डुइनोच्या (सेन्सर आणि दिवे चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) कोडमध्ये ‘डिले’, म्हणजे थांबण्याच्या आज्ञा, पेरलेल्या असतील तर त्या काढून ‘मिलिस’ या चालू घड्याळावर वेळ मोजा, कारण ‘डिले’ चालू असताना बोर्ड प्रेक्षकाकडे पाहतच नाही.

याच्या उलट तक्रारही ऐकू येते: ‘हे आपलं आपणच काहीतरी करतंय.’ कॅनडाचे डेव्हिड रोकबी यांची ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ ही १९८०च्या दशकातली कृती शरीराच्या हालचालींतून संगीत घडवते. त्यांच्या लक्षात आलं की प्रेक्षक पहिल्यांदा हात हलवतो तो विचारल्यासारखा. आवाज आला की खात्री करण्यासाठी तो तीच हालचाल पुन्हा करतो, पण आता हुकूम सोडल्यासारखी. शरीरातला ताण बदललेला असतो, म्हणून आवाजही वेगळा येतो आणि यंत्र मनमानी करतंय असं त्याला वाटतं. यंत्र खरं तर फारच बारकाईने पाहत होतं! तेव्हा पहिल्या चार-पाच हालचालींपुरता प्रतिसाद ढोबळ आणि ठाम ठेवा, बारकावे नंतर येऊ द्या. आणि चाचणीच्या वेळी कोपऱ्यात गप्प उभे राहा. ‘अहो, जरा डावीकडे सरका’ म्हणालात की चाचणी संपली.

आकडे नाचतात

सेन्सरला ठरवून दिलेल्या अंतराच्या सीमेवर माणूस उभा राहिला की दिवा लुकलुकतो? चालू होण्याची आणि बंद होण्याची मर्यादा एकच ठेवलेली असते. १२० सेंटिमीटरच्या आत आल्यावर चालू आणि १५०च्या पलीकडे गेल्यावर बंद, असं अंतर ठेवा. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या पडसादावरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर मधूनच भलताच आकडा देतो; सरासरी काढली तर तो त्यात मिसळतो. त्याऐवजी शेवटची पाच मापं चढत्या क्रमाने लावून मधलं घ्या. दोन सेन्सर शेजारी असतील तर एकाचा आवाज दुसरा ऐकतो, म्हणून त्यांना आळीपाळीने चालवा. मऊ, जाड कपडे आवाज शोषतात, हेही लक्षात असू द्या.

दालनाचा उजेड

रात्री खोलीत जुळवलेला वेबकॅम सकाळी दालनात वेडा होतो. ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने उजेड आणि रंग आपोआप जुळवणं) बंद करून ते हाताने पक्के करा, नाहीतर पांढरा शर्ट घातलेला एक माणूस आला तरी अख्खं चित्र गडद होऊन सॉफ्टवेअर गोंधळतं. इन्फ्रारेडवर चालणारे, वस्तू किती लांब आहे ते मोजणारे डेप्थ कॅमेरे थेट उन्हात आंधळे होतात. मुंबईच्या काळा घोडासारख्या उघड्यावरच्या महोत्सवात दुपारी मांडणी दाखवायची असेल, तर डेप्थ कॅमेऱ्याचा नाद सोडलेला बरा. शरीराची उष्णता टिपणारा पीआयआर सेन्सर मे महिन्यात मंदावतो, कारण हवा आणि माणूस यांच्या तापमानातला फरकच कमी होतो.

बड्या कृतीही यातून सुटत नाहीत. ‘रेन रूम’ ही रँडम इंटरनॅशनल या गटाची मांडणी २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकनमध्ये आली. तिच्यात माणसाच्या डोक्यावरचा पाऊस तेवढा थांबतो. पण गडद आणि चकाकणारे कपडे टाळा, सावकाश चाला, अशा सूचना तिच्या प्रेक्षकांना द्याव्या लागल्या आहेत. तुम्ही चाचणी फक्त स्वतःवर करू नका. लहान मूल, काळा बुरखा, नऊवारी, व्हीलचेअर, उघडलेली छत्री, सगळं समोरून जाऊ द्या.

वीज

खरी रडारड इथे असते. एलईडी पट्टीतला एक रंगीत दिवा पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलिअँपिअर ओढतो. म्हणजे १०० दिव्यांना ६ अँपिअर. एवढा प्रवाह आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनमधून मागणं हा अन्याय आहे. लक्षणं ओळखा: पट्टीच्या लांबच्या टोकाला पांढरा रंग पिवळट-लालसर दिसतो, मोटर फिरली की बोर्ड रीसेट होतो. दिवे-मोटरला वेगळा पॉवर सप्लाय द्या, पट्टीला दोन्ही टोकांनी वीज पोचवा, आणि बोर्ड व सप्लाय यांचे ग्राउंड (ऋण टोकाच्या तारा) एकमेकांना जोडा. ग्राउंड जोडायचं राहिलं की दिवे भुताटकीसारखे वागतात आणि माणूस रात्रभर कोड वाचत बसतो.

स्पर्शाने चालणारी कृती चार्जर लावलेला असताना चालते आणि बॅटरीवर बिघडते? चार्जर काढला की अर्थिंगचा संबंध तुटलेला असतो. शिवाय कोकण-गोव्यातल्या दमट हवेत स्पर्शाची मापं सरकतात, म्हणून मर्यादा पक्की न लिहिता चालू होताना दर वेळी नव्याने मोजून घ्या.

ब्रेडबोर्ड, म्हणजे तारा नुसत्या खोचायची पाटी, टेबलावर ठीक, टेम्पोत नाही. झिरो पीसीबीवर (छिद्रांच्या साध्या सर्किट पट्टीवर) सोल्डर करा, जाड तारांना स्क्रू टर्मिनल लावा. शक्य झालं तर गणपतीतले हलते देखावे सांभाळणाऱ्या मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला एकदा मांडणी दाखवा. दहा दिवस, गर्दीत, पावसात मोटर कशी चालती ठेवायची हे कला महाविद्यालयात कुणी शिकवत नाही. त्याला ते येतं.

तुम्ही नसताना

सकाळी दालन उघडणारा माणूस मेन स्विच दाबेल, बस. तेवढ्यावर सगळं सुरू व्हायला हवं. कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप चालू होण्याची सोय करा. विंडोजचे अपडेट, स्क्रीनसेव्हर आणि स्लीप बंद करा. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची वीज मध्येच गेली तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून कार्ड फक्त वाचता येईल असं ठेवा.

यंत्रंही बाजारातून जातात. २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट या डेप्थ कॅमेऱ्यावर असंख्य कलाकृती उभ्या राहिल्या; २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. ब्राउझरमध्ये चालणारी ॲनिमेशनं ज्यावर बनत, ते फ्लॅश २०२० अखेर संपलं. त्यामुळे कृतीची वही कोडपासून वेगळी ठेवा: प्रेक्षकाने काय केल्यावर काय, किती वेळात घडायला हवं, हे साध्या मराठीत लिहा आणि चालू मांडणीचा व्हिडिओ काढून ठेवा. दालनातल्या कर्मचाऱ्यासाठी फोटोंसह एक पानी सूचना आणि एका डब्यात कोड भरलेला जादा बोर्ड, जादा सेन्सर, फ्यूज आणि खुणा केलेल्या तारा. डबा मांडणीच्या मागेच ठेवा. ऑफिसच्या कपाटात ठेवलात तर चावी नेमकी त्या दिवशी सुट्टीवर असते.