टॅबलेट मिळाले, रिचार्ज कोण मारणार? गावातल्या संघटनांनो, या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात घाटंजी तालुक्यातल्या एका महिला संघटनेच्या खोलीत लोखंडी कपाट उघडलं. आत आठ टॅबलेट, खोक्यांसकट. तिघांच्या बॅटऱ्या फुगून काच वर आलेली. हिशेब पाहणाऱ्या ताई म्हणाल्या, "देल्ले तवा लय कवतिक झालं भाऊ, फोटू काढले. मंग रिचार्ज कोन मारन, तुमीच सांगा." आठ सिमांना महिन्याला अडीचशे धरले तरी दोन हजार होतात. संघटनेत शंभर बाया, माणशी वीस रुपये वर्गणी. म्हणजे सगळी वर्गणी रिचार्जातच जाणार. बायांनी शहाणपणा केला, टॅबलेट कपाटात ठेवले.

वनहक्क, रोजगार हमी, बचत गट अशी कामं करणाऱ्या संघटनांचे कागद लावून देताना हेच चित्र मला पुन्हा पुन्हा दिसतं. फुकट आलेल्या वस्तूला नाही म्हणायची आपल्याला सवय नाही.

किंमत धरली, चालवणं धरलं नाही

दात्याकडे पाठवायच्या प्रस्तावात लॅपटॉप 45,000 रुपयांचा लिहिला जातो. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असतं. 18 टक्क्यांनी 8,100 वाढले, लॅपटॉप 53,100 ला पडला. दाता वरचे पैसे देत नाही, आणि जीएसटी नोंदणी नसलेल्या संघटनेला तो कर कुठून परतही मिळत नाही. ही झाली पहिल्या दिवसाची गोष्ट. पुढे चार फोनांना महिन्याला तीनशेचा रिचार्ज धरला तर तीन वर्षांत 43,200 होतात, म्हणजे जवळपास दुसरा लॅपटॉप. शिवाय यवतमाळला दुरुस्तीला न्यायचं एसटीचं भाडं, उन्हाळ्यात मान टाकणारी इन्व्हर्टरची बॅटरी, आणि हे सगळं सांभाळणाऱ्या पोराचं मानधन. मानधनाची ओळ प्रस्तावातून सगळ्यात आधी कापली जाते. ती कापू देऊ नका. शिकवलेला पोरगा चाकणला कामाला लागला की यंत्र मुकं होतं. म्हणून कायम दोघांना शिकवा, आणि त्यातली एक तरी गावातच राहणारी, घरसंसाराची बाई असू द्या.

माझं मत थोडं कडक आहे. जे बंद पडलं तर काम अडेल, त्याचा खर्च संघटनेच्या स्वतःच्या पैशातून व्हावा. एकदाची मोठी खरेदी हवी तर बाहेरून घ्या. गडचिरोलीत तेंदू आणि बांबूचं उत्पन्न असलेल्या ग्रामसभांना हे जमू शकतं. तिथल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. तिथे त्याआधी कित्येक वर्षं अभ्यासगट बसत होते. त्याला कोणी ॲप दिलं नव्हतं.

पैसा कोणत्या वाटेनं येतो ते न पाहणं

कंपनीचा सीएसआर, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी काढलेला पैसा, बहुतेक वेळा फेब्रुवारीत जागा होतो. 31 मार्चच्या आत बिलं हवीत म्हणून जे दुकानात आहे ते उचललं जातं. इथे एक गोष्ट विचारून घ्या: तुमचं काम 'चालू प्रकल्प' म्हणून धरता येईल का? तसं धरलं तर सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसा पुरवता येतो, उरलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते आणि मार्चची घाई टळते. रिचार्ज, दुरुस्ती, प्रशिक्षण अशाच प्रकल्पात बसतं. दुसरं, वस्तूची मालकी. सीएसआरच्या पैशातून घेतलेली कायमची मालमत्ता 2021 पासून कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती सीएसआर क्रमांक असलेल्या नोंदणीकृत संस्थेकडे, सार्वजनिक यंत्रणेकडे किंवा थेट लाभार्थी बचत गटाकडे, समूहाकडे असावी लागते. म्हणजे लॅपटॉप तुमच्या गटाच्या नावावर होऊ शकतो. मधली संस्था 'आमच्याकडेच राहू द्या' म्हणाली तर हे सांगा, आणि नाव चढलेला कागद इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा.

विदेशी देणगीचं गणित वेगळं आहे. त्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा मिळवणाऱ्या संस्थेला दुसऱ्या संस्थेच्या खात्यात वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चालाही 20 टक्क्यांची मर्यादा आहे. नागपूरची मोठी संस्था 'देतो' म्हणाली तर कोणत्या खात्यातून देणार, हे आधी विचारा. आणि गावचा पोरगा अमेरिकेत आहे, तो पाठवतो म्हणतोय? पासपोर्ट अजून भारताचा असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरते, आणि मग विदेशी देणगीच्या सरकारी परवान्याशिवाय एक रुपया घेणंही अंगाशी येतं.

सगळ्या चाव्या एकाच्या खिशात

एका संघटनेचा ईमेल उघडेना. पासवर्ड वहीत बरोबर लिहिलेला, पण ओटीपी जायचा तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कार्यकर्त्याच्या नंबरवर. तो नंबर त्यानं बंद केला होता, आणि आता लावला तर अकोल्याचा कुणी अनोळखी माणूस उचलायचा. वनहक्क दाव्यांचे नकाशे, जीपीएसची मोजणी, सगळं त्या ईमेलच्या आत. आम्हाला काही ते परत मिळालं नाही. दोन गावांची मोजणी पुन्हा पायी फिरून केली.

प्रीपेड सिम सलग तीन महिने वापरलं नाही की बंद होऊ शकतं, आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला जातो. म्हणून संघटनेचं एक सिम वेगळं ठेवा, आणि ते साध्या बटनाच्या फोनमध्ये चालू राहू द्या. खात्याला दुसरा नंबर जोडा. ओटीपी न आल्यास खातं उघडून देणारे बॅकअप कोड छापून बँकेच्या पासबुकासोबत ठेवा. माणूस निघून गेला असेल पण नंबर अजून त्याच्याकडेच असेल, तर आजच त्याच्या घरी जा. चहा घ्या, ओटीपी घ्या, नंबर बदला.

ॲप आधी, काम मागून

दाता म्हणतो, आमचं ॲप वापरा. एकच प्रश्न विचारा: आमच्या सदस्यांची यादी आम्हाला एक्सेलमध्ये काढून मिळेल का? उत्तर गोलमोल आलं तर समजा, मेहनत तुमची आणि माहिती त्यांची. आणि आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजच थांबवा. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, बायांनी तो कागद विश्वासानं दिलेला असतो.

रेंजचा विचार नागपुरात बसून होत नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. तिथे इंटरनेटशिवाय फॉर्म भरून ठेवता येणारं आणि रेंज आली की पाठवणारं साधन लागतं. ओडीके, कोबो यांच्यासारखी अशी साधनं आहेत. मेळघाटात घरची भाषा कोरकू आहे, भामरागडकडे माडिया. मराठी बटनं दाबून दाबून बाया कंटाळतात. तिथे आवाजाचा संदेश जास्त चालतो.

फाँटची जुनी दुखणी थोडक्यात सांगतो. कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला ठराव तहसीलच्या संगणकावर किंवा फोनवर भलतीच अक्षरं दाखवतो. नवं सगळं युनिकोडमध्ये टाइप करा, जुनं कन्व्हर्टरमधून काढून एकदा डोळ्यांखालून घाला. नावांमधले रफार हमखास बिघडतात, आणि दाव्यात नाव चुकलं की दावा लोंबकळतो.

उरला उन्हाळा. चंद्रपूर-यवतमाळच्या मे महिन्यात पत्र्याखालचं कपाट म्हणजे भट्टीच. ठेवून द्यायचं यंत्र अर्धं चार्ज करून मातीच्या घरात किंवा सावलीतल्या खोलीत ठेवा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून पाहा. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, टोचू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.

घाटंजीच्या त्या आठांपैकी फुगलेले तीन गेले. दोन आता वापरात आहेत, त्यांचा रिचार्ज वर्गणीतून होतो आणि वहीत दर महिन्याला त्याची ओळ असते. उरलेल्या तिघांचं काय करायचं, हा पुढच्या सभेतला चौथा विषय आहे.