काजू-मेरँगचे थर सादळू नयेत म्हणून: तयारीची यादी

जानेवारीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुण्याच्या बाजारात भरभरून येते आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडची हवा कोरडी असते. काजू घातलेल्या मेरँगचे, म्हणजे साखर घालून फेसलेला अंड्याचा पांढरा भाग भाजून-वाळवून केलेले थर, मधे क्रीम आणि स्ट्रॉबेरी, हे गोड मी म्हणूनच डिसेंबर ते फेब्रुवारी एवढंच करते. त्याची सगळी तयारी एकाच शब्दाभोवती फिरते: सादळणं. हवेतलं, भांड्यातलं, फळातलं पाणी मेरँगला कुठे कुठे गाठू शकतं ते आधीच बघून ठेवायचं आणि ती प्रत्येक वाट वेळेत बंद करायची. चकल्यांचा डबा जपणाऱ्या घरात हे समजावून सांगायची गरज नाही.

सगळ्यात आधी कॅलेंडर बघा. त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी नाही ना, पाहुण्यांपैकी कोण अंडं खात नाही, कुणाला काजू-बदामाची अ‍ॅलर्जी आहे का, हे फोन करून विचारून घ्या. अंडं न खाणाऱ्यांसाठी मेरँगची नक्कल करत बसू नका. त्यांना महाबळेश्वरला मिळते तशी साधी स्ट्रॉबेरी-क्रीमची वाटी द्या, तीही तितकीच आवडीने खाल्ली जाते. मग विजेचं बघा. आमच्याकडे देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज जाते, त्यामुळे रविवारच्या जेवणासाठी मी थर शुक्रवारी भाजते. थर भाजायला नि वाळायला मिळून तीन तास लागतात आणि त्यात मधेच वीज गेलेली चालत नाही. गेलीच, तर ओव्हनचं दार उघडू नका. आतली ऊब तशीच राहू द्या आणि वीज आल्यावर पुढची वेळ भरून काढा.

आता मापं. हे प्रमाण आठ जणांचं आहे: चार अंड्यांचा पांढरा भाग, म्हणजे साधारण १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, काजू १३० ग्रॅम, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोर, अर्धा टीस्पून लिंबाचा रस. भरायला ३०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम, १५० ग्रॅम चक्का, तीन टेबलस्पून पिठीसाखर आणि ४०० ग्रॅम स्ट्रॉबेरी. हे सगळं वजनकाट्यावर मोजा. वाटीचं माप शिऱ्याला चालतं, इथे चालत नाही, कारण अंडी लहानमोठी असतात आणि साखर पांढऱ्या भागाच्या वजनाच्या हिशेबातच लागते.

काजूबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला डाक्स नावाचं गाव आहे, त्याच्या नावावरून या प्रकाराला डाक्वाझ म्हणतात, आणि तिकडे त्यात बदाम किंवा हेझलनट घालतात. हंगेरीतल्या एस्टरहाझी केकमध्ये अक्रोड असतो. फिलिपिन्समध्ये मात्र याच थरांत काजू घालून, मधे बटरक्रीम भरून ‘सान्स रिव्हाल’ करतात. तमिळनाडूत तुतिकोरिनचे मॅकरून आणि पुण्यातल्या बेकऱ्यांतले काजूचे मॅकरून हेही अंड्याचा पांढरा भाग, साखर आणि काजू या तिघांचेच. तेव्हा वेंगुर्ल्याचा काजू या पदार्थात घालताना आपण काही वेगळं करतोय असं मनात आणू नका. अख्खे मोठे काजू आणू नका, ते इथे वाया जातात. पाकळी किंवा तुकडा घ्या, फक्त ताजा घ्या. एक तुकडा चावून बघा. जुन्या काजूला जो खवट वास येतो तो भाजल्यावर आणखी उठून दिसतो.

काजू आदल्या दिवशीच तयार करा. १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं, फिकट बदामी होईपर्यंत भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या. हाताला गार लागले तरी अजून अर्धा तास थांबा. कोमट काजू मिक्सरमध्ये घातले की तेल सुटतं आणि पुडीऐवजी लगदा होतो, आणि तो लगदा फेसलेल्या पांढऱ्यात गेला की फेस बसतोच. माझ्या हातून हे एकदा झालंय. त्या लगद्याचं मी नंतर काजूचं लोणी म्हणून पोळीला लावून संपवलं, पण मेरँग पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. काजूबरोबर एकूण साखरेतली ४० ग्रॅम साखर आणि सगळं कॉर्नफ्लोर घाला, मिक्सर थांबवत-थांबवत दोन-दोन सेकंद फिरवा, मधे भांडं हलवा, आणि रवा चाळायच्या चाळणीतून काढा. काजू कतलीसाठी पूड करणाऱ्यांचा हात याला आधीच बसलेला असतो. वर राहिलेली कणी फेकू नका, शेवटी वरून पेरायला ती लागेल.

उरलेली १६० ग्रॅम साखर मिक्सरमध्ये बारीक रव्याइतकी करा. आपल्याकडची जाड साखर पांढऱ्यात पूर्ण विरघळत नाही. न विरघळलेले कण भाजताना पाकाचे थेंब होऊन थराखाली साचतात आणि तिथेच थर चिकट होतो. विकतची आयसिंग शुगर यात नको. तिच्यात स्टार्च असतो आणि कॉर्नफ्लोर आपण मापून घातलेलंच आहे.

अंडी फ्रीजमधून काढल्या-काढल्या फोडा. गार असताना बलक घट्ट असतो, फुटत नाही. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा, पांढरा भाग स्वच्छ निघाला की मगच मोठ्या भांड्यात ओता. चौथ्या अंड्याचा बलक फुटून आधीच्या तिघांत पडला तर सगळं गेलं, कारण बलकातल्या स्निग्धांशाने फेस नीट उभाच राहत नाही. मग पांढरा भाग झाकून तासभर बाहेर ठेवा. थोडा कोमटला की तो जास्त फुगतो. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, प्लास्टिकचं कितीही घासलं तरी तेलकटपणा धरून ठेवतं. भांड्याला आणि बीटरच्या पात्यांना आतून लिंबाची फोड फिरवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आदल्या दिवशी त्याच भांड्यात भजीचं पीठ भिजवलं असेल तर ते दोनदा धुवा. उरलेले चार बलक वाटीत, वर चमचाभर पाणी घालून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत कस्टर्डला वापरा. गोव्याच्या घरात असाल तर त्यांचं काय करायचं हे तुम्हीच मला सांगाल, बेबिंकाला बलक नेहमी कमीच पडतात.

छोट्या ओटीजीवाल्यांसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही. पुस्तकांत तीन गोल थर एकदम भाजायला सांगतात. आपल्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच ट्रे मावतो, आणि थांबलेलं मिश्रण दुसऱ्या ट्रेची वाट बघता बघता खाली बसतं. म्हणून गोल थरांचा नाद सोडा. माझा ट्रे आतून ३० बाय २४ सेंटीमीटर आहे. त्यात बेकिंग पेपर घालून सगळं मिश्रण एकाच थरात पसरायचं आणि भाजल्यावर तीन पट्ट्या कापायच्या. प्रत्येक पट्टी २४ बाय १० ची होते आणि गोड विटेसारखं लांबट उभं राहतं. पेपर ट्रेच्या मापाने आधीच कापून, चारी कोपऱ्यांना मिश्रणाचा एकेक ठिपका लावून चिकटवा. बटर पेपर म्हणून जो पातळ कागद मिळतो त्याला मेरँग चिकटून बसतं, त्यामुळे सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपरच आणा. ओव्हनमध्ये थर्मामीटर ठेवून एकदा रिकामंच तापवून बघा. माझं बटण १४० दाखवतं तेव्हा आत १६० असतं, आणि हे कळेपर्यंत माझे दोन थर कडेने काळपट झाले होते.

भाजायच्या दिवशी सगळं हाताशी मांडून घ्या, कारण फेसायला लागल्यावर शोधाशोध करता येत नाही. ओव्हन दोन्ही कॉइलवर १४० ला लावा. पांढरा भाग मंद गतीने सुरू करा, फेस आला की लिंबाचा रस घाला, आणि बीटर उचलल्यावर टोक वाकून खाली पडतंय अशी अवस्था आली की साखर चमचा-चमचा घालायला घ्या. घाई इथेच नडते. हँड बीटरने मला आठ-दहा मिनिटं लागतात. मिश्रण चमकायला लागतं, बीटरच्या रेषा मिटेनाशा होतात. चिमूटभर मिश्रण अंगठा आणि तर्जनीत चोळा. कण लागत असतील तर आणखी एक मिनिट फेसा, बोटं नुसती रेशमासारखी सरकली की थांबा. काजूची पूड तीन वेळा विभागून, स्पॅच्युलाने खालून वर घेत मिसळा. शेवटच्या भागातल्या पुडीची एखादी रेघ दिसत राहिली तरी चालेल, पण मिश्रण वाहू लागता कामा नये. बोटभर जाडीचा थर पसरा, कडा मधल्या भागापेक्षा पातळ ठेवू नका.

साधारण तासाभरात थर फिकट बदामी होतो आणि कडा कागदापासून सुटतात. बाहेर काढल्यावर लगेच, गरम असतानाच, दातेरी सुरीने तीन पट्ट्या कापा. पाच मिनिटं उशीर झाला तर सुरीखाली तडे जातात. मग पट्ट्या थोड्या लांब-लांब करून बंद केलेल्या ओव्हनमध्ये परत ठेवा, पूर्ण गार होईपर्यंत. पट्टी उलटून नखाने टिचकी मारा. कोरडी झाली असेल तर कुरडईसारखा पोकळ आवाज येतो, ओलसर असेल तर आवाज दबका येतो आणि मग १०० अंशांवर आणखी वीस मिनिटं द्यावी लागतात. गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात, मधे कागद घालून ठेवा. लाडवांचा डबा नको, तुपाचा वास लागतो. कोरड्या हवेत पट्ट्या अशा चार दिवस कुरकुरीत राहतात. ऑगस्टमध्ये एकदा मी असेच थर पुठ्ठ्याच्या खोक्यातून दादरला बहिणीकडे नेले होते. संध्याकाळी खोकं उघडलं तेव्हा पट्ट्या उन्हाळ्यातल्या मेणबत्तीसारख्या वाकल्या होत्या आणि बोटांना चिकटत होत्या. भाच्याचा वाढदिवस होता. त्यानंतर पावसाळ्यात मी हे कधीच केलं नाही, आणि मुंबई-कोकणातल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की थंडीतसुद्धा डबा उघडा टाकू नका.

चक्क्यासाठी अर्धा किलो दही शनिवारी रात्री फडक्यात टांगून फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे आंबट होणार नाही. क्रीमबरोबर चक्का घेण्याचं कारण चवीइतकंच कामाचंही आहे: साखर आधीच बरीच आहे, तिला थोडा आंबटपणा हवा, आणि चक्क्याने क्रीम उभं राहतं, त्यातून पाणी सुटत नाही. क्रीम घेताना खोक्यावरचा स्निग्धांश वाचा. फ्रेश क्रीम म्हणून मिळतं त्यात तो २५ टक्क्यांच्या आसपास असतो, ते फेसलं जात नाही. ३५ टक्के किंवा त्याहून जास्त हवा. घरच्या सायीचं लोणी होतं, म्हणून तीही नको. क्रीम, भांडं आणि पाती आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असू द्या.

स्ट्रॉबेरी रविवारी सकाळीच आणा. देठापर्यंत लाल असलेली घ्या, डबी उलटी करून तळाची फळं बघा आणि वास घ्या. देठासकट धुवा. देठ आधी काढला तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं. मग सुती पंचावर सुटी-सुटी पसरून तासभर पंख्याखाली वाळवा. चिरलेल्या फोडींना साखर लावू नका, साखरेने रस सुटतो आणि तो थेट मेरँगमध्ये उतरतो. आंबट निघाल्या तर क्रीममधली पिठीसाखर चमचाभर वाढवा. एप्रिलमध्ये हापूस आला की पुण्या-नाशकाकडे कोरड्या हवेत त्याच्या फोडी घालून हेच करता येतं, मात्र रस घालू नका.

रचायची वेळ जेवणाच्या चार तास आधीची ठेवा. मेरँग अगदी कोरडंच वाढलं तर सुरी लागताच त्याचे तुकडे उडतात आणि क्रीम बाजूने बाहेर येतं. फ्रीजमधल्या चार तासांत थरांची आतली बाजू क्रीमचा ओलावा थोडासा घेते, कडा कुरकुरीत राहतात, आणि काप सरळ निघतो. रात्रभर ठेवायची वेळ आलीच तर पट्ट्यांच्या क्रीमकडच्या बाजूंना वितळवलेल्या डार्क चॉकलेटचा पातळ हात द्या आणि ते घट्ट होऊ द्या, त्याने पाणी अडतं. क्रीम मऊ टोकं येईपर्यंत फेसून, पिठीसाखर मिसळलेल्या चक्क्यात हलक्या हाताने मिसळा. पट्टी, क्रीम, फोडी, पुन्हा पट्टी, या क्रमाने रचा आणि वरच्या पट्टीवर उरलेलं क्रीम लावून राखून ठेवलेली काजूची कणी पेरा. वरच्या अख्ख्या स्ट्रॉबेरी मात्र वाढायच्या वेळीच ठेवा. फ्रीजमध्ये शेजारी चिरलेला कांदा किंवा लसणाची चटणी नाही ना, तेवढं बघून घ्या. सुरी गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा आणि दाब न देता करवतीसारखी चालवा. प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसा. वाढताना बशीत काप आडवा ठेवा, म्हणजे तिन्ही थर दिसतात.