चीनवरचे अभ्यास आपल्या प्रोजेक्टमध्ये कसे वापरायचे

आपल्याकडची बरीच पोरंपोरी एमए समाजशास्त्र, एमएसडब्ल्यू नाहीतर पर्यावरणशास्त्र करून राहिली आणि प्रोजेक्ट आला की त्यात चीनचा एखादा अभ्यास हमखास येते, काहून की स्थलांतर, कारखाने, कोळसा, प्रदूषण या विषयांवर चीनमध्ये भरपूर काम झालं आहे. अडचण अशी की आकडा बातमीतून उचलला जाते आणि "चीनमध्ये सिद्ध झाले आहे" असं लिहून मोकळं होतात. ही सवय सोडा, मनापासून सांगतो, त्यानं चांगला प्रोजेक्ट वाया जाते.

पहिलं काम म्हणजे मूळ पेपर काढा. गूगल स्कॉलरवर नाव टाका, खाली "ऑल व्हर्जन्स" दिसते त्यात बरेचदा फुकटची पीडीएफ सापडते, नाही सापडली तर लेखकाला सरळ ईमेल करा, बरेच जण पाठवतात. सारांश वाचून थांबू नका. अभ्यास कोणावर केला, कुठं केला आणि कशाची तुलना कशाशी केली, हे ज्या भागात लिहिलं असते तो भाग आधी वाचायचा, निष्कर्ष मागून.

उदाहरण घ्या अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचं. घरून काम केलं तर काम १३ टक्के वाढते, हा आकडा सगळीकडे फिरते. आता पेपर उघडा. सीट्रिप नावाची ट्रॅव्हल कंपनी, शांघायचं कॉल सेंटर, २०१० च्या शेवटी सुरू झालेला ९ महिन्यांचा प्रयोग. कोणाकोणाला घरून काम करायचं असं विचारलं तर जवळपास निम्मेच तयार झाले, आणि घरी स्वतःची खोली पाहिजे, ब्रॉडबँड पाहिजे, नोकरीला ६ महिने झालेले पाहिजे, या अटी लावल्यावर उरले २४९. जन्मतारीख सम असली तर आठवड्याचे ४ दिवस घरून, विषम असली तर ऑफिसातच. त्या १३ मधले ९ टक्के तर नुसते जास्त वेळ काम केल्यामुळे आले, म्हणजे सुट्ट्या कमी, मधात उठणं कमी. आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तर घरून काम करणारे जवळपास निम्मे परत ऑफिसात आले, एकटं वाटत होतं म्हणून. हा आकडा बुटीबोरीच्या कारखान्यात मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला लावता येत नाही. पण जन्मतारखेवरून दोन गट पाडायची युक्ती तुम्हाला वापरता येते, त्यात कोणाचा वशिला चालत नाही.

दुसरं, व्याख्या पाहा. आईबाप शहरात कामाला आणि लेकरं गावात आजीजवळ, अशी मुलं चीनमध्ये किती? २०१३ च्या एका अहवालात ६ कोटी १० लाख आणि २०१६ च्या सरकारी मोजणीत ९० लाख २० हजार. तीन वर्षांत पाच कोटी लेकरं आईबापाकडे गेली का? नाही. आधी १८ वर्षांखालची आणि आईबापापैकी एक जरी बाहेर असला तरी धरत होते, मग १६ वर्षांखालची आणि दोघंही बाहेर, किंवा एक बाहेर आणि दुसरा सांभाळू शकत नाही, अशीच धरली. तुमच्या गावातून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या घरातली लेकरं मोजायची असतील तर तुमची व्याख्या पहिल्याच पानावर लिहा. आणि कारण वेगळं आहे हेही लिहा. चीनमध्ये हुकोऊ म्हणून कुटुंबाची सरकारी नोंद असते, १९५८ च्या नियमांपासून चालू, आणि ती गावची असली तर शहरातल्या सरकारी शाळेत लेकराला जागा मिळणं मुश्कील. आपल्याकडे असा कायदा नाही, आपल्याकडे हंगाम दोनतीन महिन्यांचा, राहायला वावरातलीच झोपडी, आणि शाळा दुसऱ्या भाषेत.

कामाच्या तासांचं थोडक्यात सांगतो. चीनच्या कायद्यात दिवसाला ८ तास आणि ओव्हरटाइम महिन्याला जास्तीत जास्त ३६ तास आहे, तरी टेक कंपन्यांत सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस चालत होतं, शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा आहे म्हणून स्पष्ट केलं. म्हणून कायदा वाचून तिथले लोक किती तास काम करतात ते लिहू नका, आणि इथं जिनिंगवाल्यांचंही लिहू नका.

चंद्रपूरकडच्यांनी प्रदूषणाचा भाग नीट वाचावा. चीनमध्ये हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक १०० च्या आत असला की तो दिवस चांगला धरत होते आणि अधिकाऱ्यांचं काम त्यावर तोललं जात होतं, तर संशोधकांना दिसलं की कितीतरी शहरांचे आकडे १०० च्या जरासे खालीच गोळा झाले आहेत. पुढं आपोआप मोजणाऱ्या मशीन बसल्या आणि नोंदवलेला पीएम १० (हवेतली बारीक धूळ) एकदम साधारण ३५ टक्क्यांनी वर गेला, हवा तीच. म्हणून आकडा घेताना मशीन कोणाची, कुठं लावली, कोण नोंद घेते, हे विचारा.

त्याच विषयातला हुआई नदीचा अभ्यास तर वाचाच. नदीच्या उत्तरेला सरकारनं हिवाळ्यात घरं गरम ठेवायला कोळसा दिला, दक्षिणेला नाही दिला, म्हणून नदीच्या दोन बाजूंची तुलना करता आली. २०१३ च्या पेपरात उत्तरेकडचं आयुष्य साडेपाच वर्षांनी कमी निघालं, २०१७ मध्ये नव्या आकड्यांवर ३.१ वर्षं. बातमीत अजूनही साडेपाचच चालते. म्हणून त्याच लेखकांचा पुढचा पेपर आला का ते नेहमी शोधा.

आता भंडारा-गोंदियावाल्यांसाठी. २०१४ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस टाल्हेम आणि सहकाऱ्यांनी ११६२ चिनी विद्यार्थ्यांवरून मांडलं की धान पिकवणाऱ्या दक्षिणेतले लोक गहू पिकवणाऱ्या उत्तरेपेक्षा जास्त एकमेकांना धरून चालतात, काहून की धानाला पाणी वाटून घ्या लागते, मजूर लागतात. हे वाचलं की आपल्याला लगेच वाटते, बरोबर, धानपट्टा एकोप्याचा आणि यवतमाळचा पऱ्हाटीवाला एकटा. थांबा. उत्तर-दक्षिण चीनमध्ये पिकाशिवाय दुसरेही कितीतरी फरक आहेत, तसेच भंडारा आणि यवतमाळमध्ये आहेत. म्हणूनच २०२४ मध्ये चीनच्याच निंग्शिया भागातल्या दोन सरकारी फार्मचा अभ्यास आला, तिथं माणसं सरकारनंच नेमून दिली होती, एक फार्म धानाचा आणि एक गव्हाचा. तुम्हीही एकाच तालुक्यातली दोन गावं घ्या, एकाला मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी आणि एक वरच्या पाण्यावर.

प्रश्नही जपून विचारा. "तुम्ही एकमेकांना मदत करता का?" असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा विचारा, "काकू, यंदा तुमच्या बांधीत रोवणीला कोणकोण होतं, गुत्त्यानं होते का तसेच आले, आणि त्यातल्या कोणाच्या बांधीत तुम्ही गेल्या?" नावं वहीत घ्या, प्रोजेक्टमध्ये टाकू नका, तिथं फक्त घर क्रमांक १, २ असं लिहा. रोवणीच्या धावपळीत जाऊ नका, पोळा झाल्यावर जा, बायांना बसायला वेळ असते.

लिहिताना "चीनमध्ये" हा शब्द खोडून "शांघायच्या एका कॉल सेंटरमध्ये, स्वतःहून तयार झालेल्या २४९ जणांवर" असं पूर्ण लिहा. वाक्य लांब होते, होऊ द्या. व्हायवात बाहेरचे सर तेच विचारतात.