परदेशातल्या क्वार्टेटसाठी लिहिताना: पट्टीपासून पानापर्यंत

जुळे सोलापुरात बसून लिहिलेली रचना बर्लिनला किंवा लंडनला वाजते, तेव्हा समजावून सांगायला तुम्ही तिथे नसता. दहा मिनिटांच्या नव्या रचनेला दोन-तीन तालमी मिळाल्या तरी पुष्कळ. त्यातली पंधरा मिनिटं ‘ही मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) सुरू कुठून?’ यातच गेली, तर तेवढं वाजवणं कमी झालं. नरेश सोहल १९६२ साली इंग्लंडला गेले आणि संगीतकार म्हणून नाव होण्याआधी लंडनमध्ये स्वरलिपीच्या नकला उतरवायचं काम करत होते. कंटाळवाणं काम खरं, पण वादकाला कागदावर काय दिसलं पाहिजे हे त्यातूनच कळतं.

आधी पट्टी

चाल काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पवर, सुचली म्हणून तशीच उतरवू नका. क्वार्टेटमध्ये दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. व्हिओला आणि चेलोच्या सी, जी, डी, ए. म्हणजे जी, डी, ए या तीन तारा चौघांकडेही आहेत. सा पांढरी दोनवर, म्हणजे डीवर घेतला की म, सा, प तिन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. तंबोऱ्यासारखी आस राहते, मालकंसाला तर ही पट्टी फारच सोयीची. काळी एकमध्ये यातलं काहीच मोकळ्या तारेवर येत नाही. आवाज मिटल्यासारखा होतो आणि सूर सांभाळण्यातच वादकांचा जीव जातो.

मधल्या सीच्या लगतचा डी हा मध्य सप्तकाचा सा धरला, तर व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर मंद्र म. व्हिओलाचा मंद्र सा च्या लगेच खालचा कोमल नी, आणि चेलोचा त्याच्याही एक सप्तक खाली. इथे नेहमीची चूक होते: व्हायोलिनला मंद्र म ते मंद्र नी यांतले दोन सूर एकदम देणं. दोन्ही एकाच जी तारेवर येतात, त्यामुळे ते एकत्र वाजूच शकत नाहीत. कॉम्प्युटर मात्र निमूटपणे वाजवून दाखवतो.

लांब सा लिहितानाही गजाचा हिशेब ठेवा. हलक्या आवाजात एक गज दहा सेकंदांच्या आसपास पुरतो, जोरकस आवाजात निम्माही नाही. वीस सेकंदांचा सा हवा असेल तर तो व्हिओला आणि चेलोत वाटून द्या. एकाचा गज संपण्याआधी दुसऱ्याचा सुरू.

मींड आणि सम

ग्लिसांडोची, म्हणजे पाश्चात्त्य लिपीतल्या सरकण्याच्या खुणेची, रेघ ओढली की सरकायचं एवढंच समजतं. कोणी सूर धरून ठेवून शेवटच्या क्षणी सरकतो, कोणी सुरुवातीपासून एकाच वेगाने. आपल्याला हवं असतं तिसरंच. समजा दोन मात्रांत प वरून शुद्ध ग वर उतरायचंय. पहिली मात्रा प ठाम लिहा, दुसरीच्या सुरुवातीला कंसात बारीक टिंब द्या आणि रेघ तिथूनच ओढा. शिवाय ‘सुल डी’, म्हणजे ‘डी तारेवर’, असं लिहा. ते नसेल तर वादक प मोकळ्या ए तारेवर घेईल, आणि मोकळ्या तारेवरून खाली सरकायला जागाच नसते.

सोलापुरातल्या एखाद्या व्हायोलिनवादकाकडून वाजवून बघा, पण इथे निघालं म्हणजे तिकडे निघेल असं धरू नका. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचं टोक पायावर टेकवतो आणि तारा सा-प मध्ये लावतो. त्याचा डावा हात मोकळा असतो. तिकडच्या वादकाला त्याच हाताने वाद्यालाही थोडा आधार द्यावा लागतो.

झपताल १०/४ मध्ये, म्हणजे दहा मात्रांच्या एका बारमध्ये (उभ्या रेघांमधल्या खंडात), न लिहिता ५/४ चे दोन बार करा आणि प्रत्येकावर २+३ अशी फोड दाखवा. रूपक ७/४, फोड ३+२+२. रूपकची सम खालीची, म्हणजे तिच्यावर जोर नसतो. पण ७/४ दिसलं की पहिल्या मात्रेवर आपसूक जोर पडतो. नको असेल तर तसं लिहा.

कागद

म्यूझस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि या कामाला पुरतं. त्यात सूर लिहायच्या पाच आडव्या रेघांपैकी दोन रेघांमधलं अंतर मुळात १.७५ मिमी असतं, म्हणजे पाच रेघांची उंची ७ मिमी. ते १.८५ करा. अमेरिकेतला लेटर कागद ए-फोरपेक्षा सुमारे १८ मिमी आखूड असतो. ए-फोरची पीडीएफ त्यावर बसवताना ९४ टक्क्यांवर येते आणि ७ चे ६.६ होतात. अमेरिकेसाठी लेटर मापाची फाइल वेगळीच काढा. झेरॉक्सवाल्याला ‘ॲक्चुअल साइज’वरच काढायला सांगा, पान स्टुलावर उभं करा आणि अडीच फुटांवरून वाचून बघा.

प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा. उजव्या पानाच्या शेवटी दोन-तीन बारांची विश्रांती आणा, नाहीतर पान उलटायला हात कुठून येणार? त्यासाठी पान अर्धं कोरं राहिलं तरी चालेल. दहा बार गप्प बसवलेल्या वादकाला शेवटच्या दोन बारांत शेजाऱ्याचे सूर बारीक अक्षरात दाखवा.

स्पर्धेला पाठवताना नाव नको असेल तर ते पहिल्या पानावरून काढून भागत नाही. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्येही ते बसलेलं असतं.

पैसे आणि तालीम

कमिशन, म्हणजे पैसे देऊन रचना लिहून घेण्याचं काम, मिळालं तर निम्मी रक्कम करारावर सही होताना आणि निम्मी कागद दिल्यावर मागायला संकोच करू नका. रचनेचे हक्क कायमचे लिहून मागत असतील तर सही थांबवा. आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा आणि रचनेची नोंद कार्यक्रमाआधी करा.

बर्लिनची सकाळी दहाची तालीम म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी दीड, हिवाळ्यात अडीच. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, तेव्हा वेळ पुन्हा विचारा. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली तर राउटर इन्व्हर्टरवर हवा. बोलताना बार सांगा: ‘बार ४३, चेलो, तिसरी मात्रा.’ ‘ती धैवताची जागा’ म्हणालात तर पडद्यावरचे चारही चेहरे तुमच्याकडे नुसते बघत राहतील.