लायब्ररीच्या काउंटरवर नवीन बसणाऱ्यांसाठी: काय विचारायचं आणि काय नाही

आपल्या बडोद्यात मंडळाची वाचनालयं आहेत, सरकारी लायब्ररी आहे, सोसायट्यांच्या खाली उघडलेल्या रीडिंग रूम आहेत, आणि तिथे काउंटरवर नवीन मुलगा किंवा मुलगी बसली की पहिल्या दिवशी शिक्का कुठे मारायचा, दंड किती घ्यायचा, किल्ली कुठे ठेवायची एवढंच शिकवतात. मी इतकी वर्षं हेच काम करतेय आणि मला विचाराल तर पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवावी: समोरच्याला "कशाला पाहिजे?" असं विचारायचं नाही. बाकीचं सगळं हळूहळू येतं, हे मात्र मुद्दाम शिकावं लागतं, कारण आपल्याकडे टेबलाच्या त्या बाजूला कोणी पण बसलं की हा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो, शिपाई असो नाहीतर साहेब.

आता तुम्ही म्हणाल की विचारल्याशिवाय पुस्तक कसं काढून देणार. विचारायचंच, पण "कुठलं, कोणत्या भाषेत, साधं हवंय की परीक्षेचं, कधीपर्यंत हवंय" असं विचारायचं. बडोद्यात लोकसत्ता मागितला तर गुजराती की मराठी हे विचारावंच लागतं, दोन्ही आहेत. हे प्रश्न त्या माणसाचं काम सोपं करतात, "कशाला" हा प्रश्न त्याला परीक्षेला बसवतो. उदाहरण सांगते. एक बाई येते, शेल्फपाशी दोन फेऱ्या मारते, काउंटरपाशी दुसरं कोणी नाही असं बघून हळू आवाजात "कायद्याची पुस्तकं कुठे?" विचारते. तिला फक्त "दाखवते, चला" म्हणायचं, तिच्याबरोबर शेल्फपर्यंत जायचं, आणि तिथे "घराचं, नोकरीचं की लग्नाचं, कुठल्या बाजूचं बघताय?" एवढंच. ती सांगेल तेवढं सांगेल. काउंटरवरून "अरे घटस्फोटाची पुस्तकं कुठल्या कपाटात रे?" असं ओरडायचं नाही, दांडिया बाजारात, आपल्या मराठी वस्तीत, बातमी पोचायला वेळ लागत नाही.

पण आपण वकील नाही. डॉक्टर पण नाही. पुस्तक दाखवायचं, कलम दाखवायचं, सल्ला द्यायचा नाही. त्या बाईला हे मात्र जरूर सांगा की १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी फुकट वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, फोन करायचा तर १५१००. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कामगार, दिव्यांग यांना पण ही सोय आहे. हा नंबर काउंटरच्या काचेवर आतून नको, बाहेरून चिकटवा, म्हणजे विचारायची पण गरज पडत नाही.

दुसरं म्हणजे रजिस्टर. छोट्या वाचनालयात अजून लांबडं रजिस्टर असतं, नाव, पुस्तक, तारीख, सही, आणि ते काउंटरवर उघडं पडलेलं असतं, सही करताना पुढचा माणूस मागच्या दहा जणांनी काय नेलं ते आरामात वाचतो. हे बंद करा. जुनी कार्डांची पद्धत याच्यापेक्षा खूप चांगली होती: वाचकाचं एक खिशासारखं तिकीट, पुस्तकाचं एक कार्ड, पुस्तक दिलं की कार्ड तिकिटात घालून तारखेच्या ट्रेमध्ये उभं करायचं, पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाकडे, झालं. कोणी काय वाचलं याची मागे खूणच राहत नाही! ज्यांनी ही पद्धत काढली त्यांना वेळ वाचवायचा होता, पण मला तिचा हाच गुण जास्त आवडतो. कॉम्प्युटर आला आणि सगळी हिस्ट्री साठायला लागली. तुमच्याकडे कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात वाचकाची जुनी हिस्ट्री न ठेवण्याची सेटिंग आहे, ती चालू करून घ्या. आणि दाखल रजिस्टर, म्हणजे लायब्ररीत आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ते, मात्र जपून ठेवायचं हं, ते पुस्तकांचं असतं, माणसांचं नाही, दोन्हीत गोंधळ करू नका.

कोणी येऊन म्हणालं की अमका मुलगा काय वाचतो ते जरा सांगा, मग तो बाप असो, कमिटीतले काका असोत की वर्दीतला माणूस, तर गोड आवाजात "लेखी द्या" म्हणायचं. पत्र आलं तर इनवर्ड नंबर टाकून वर पाठवायचं, स्वतः काही काढून द्यायचं नाही. बापाचं पत्र येत नाही. कमिटीचे काका रागावतात, चहा पाजला की उतरतो. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिलाय, तो काही फक्त मोबाइलवाल्यांसाठी नाही.

आता बसण्याच्या जागेवरून होणारी भांडणं. मे महिन्यात बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, पंख्याखालच्या खुर्चीसाठी तलाठीच्या परीक्षेची मुलं आणि पेपर वाचणारे आजोबा यांच्यात रोजचं महाभारत असतं, त्यात एखादा मळक्या कपड्यातला मजूर येऊन बसला की दोघं एक होतात आणि तुमच्याकडे तक्रार घेऊन येतात, "बेन, आने बहार काढो," म्हणजे ताई, याला बाहेर काढा. काढायचं नाही. नियम वागण्याचा असतो, माणसाचा नसतो. जोरात बोलतोय, दोन खुर्च्या अडवतोय, मोबाइलवर व्हिडिओ लावलाय तर उठवा, मग ते सभासद नंबर एक का असेनात. घटनेच्या १५ व्या कलमात स्पष्ट लिहिलंय की सरकारी पैशातून चाललेल्या सार्वजनिक जागी धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येत नाही. हा नियम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, तोंडी सांगत बसलात तर रोज नवीन भांडण.

आणि या शहरात तर आपण हे जास्त लक्षात ठेवायला पाहिजे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन लायब्रेरियनला इथे आणलं, राजवाड्यातली पुस्तकं लोकांना खुली झाली, गावागावात ग्रंथालयं निघाली, गावाने एक हिस्सा जमवला की प्रांत पंचायत एक आणि सरकार एक घालायचं. त्याच महाराजांच्या स्कॉलरशिपवर १९१३ मध्ये आंबेडकर कोलंबियाला गेले. आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी परत आले तेव्हा याच बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, पारशी सराईत उतरले तर काठ्या घेऊन माणसं आली आणि तू कोण, इथे का आलास असे प्रश्न विचारत त्यांना बाहेर काढलं, मग ते कमाटीबागेत जाऊन बसले. मांडवीला सेंट्रल लायब्ररी बघायला आलेल्या पाहुण्यांना आपण पहिली गोष्ट छाती फुगवून सांगतो, दुसरी सांगताना घाई असते. मी दोन्ही सांगते.

माहिती अधिकाराचं जरा सविस्तर लिहिते कारण लोक याच्यासाठी लायब्ररीतच येतात, वकिलाकडे जायला पैसे नसतात आणि ऑफिसात कोणी धड बोलत नाही. रेशन कार्ड अडकलंय, गटाराचं काम अर्धं पडलंय, पेन्शनची फाइल सापडत नाही. २००५ च्या कायद्यात कलम ६(२) आहे, त्यात सरळ लिहिलंय की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यायची गरज नाही. म्हणजे मी वर जे सांगत होते तेच संसदेने पण सांगितलंय. अर्ज लिहायला मदत करताना भाषा आधी बघा: इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा चालते, म्हणजे आपल्याकडे गुजराती, मराठीत दिलेला अर्ज चालेलच असं नाही, म्हणून गुजराती लिहिता न येणाऱ्या आपल्या काकांना सरळ हिंदीत लिहायला सांगा, अक्षरं तीच. "काम का झालं नाही?" असं लिहायचं नाही, त्याला उत्तर मिळत नाही. "माझ्या अमक्या तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणी काय शेरा मारला त्या फाइलच्या पानांची प्रमाणित नक्कल द्या" असं लिहायचं, कारण कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. गुजरात सरकारच्या ऑफिसला फी २० रुपये, केंद्राच्या ऑफिसला १०, बीपीएलवाल्यांना माफ, फक्त कार्डाची झेरॉक्स जोडा. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, हे त्या काकांना सांगून पाठवा. आणि हो, याच कायद्याच्या चौथ्या कलमात सरकारी ऑफिसांनी लोकांसाठीच्या लायब्ररीच्या वेळा पण जाहीर करायच्या असं आहे, तर आधी आपल्या दारावरची पाटी बघा, वेळ खरी लिहिलीय ना.

शेवटी तुमचं स्वतःचं. आपल्या लोकांना "सेवा" हा शब्द फार आवडतो आणि त्या नावाखाली मुलींना महिनोन् महिने मानधनावर राबवतात, वर सत्कारात शाल देतात. जो दिवसभर दुसऱ्याचे हक्काचे अर्ज भरून देतो त्याला स्वतःच्या नेमणुकीचा कागद मिळत नाही हे मला अजिबात पटत नाही. एजन्सीमार्फत लागला असाल तर नेमणूकपत्र मागा, पगार बँकेत घ्या, पीएफ कापत असतील तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा तुमचा नंबर) घेऊन पासबुक दर महिन्याला बघा, कापलेले पैसे जमाच झाले नाहीत अशा केसेस मी पाहिल्यात. मस्टरवर सही करताना वेळ पण लिहा. रविवारी उघडायला बोलावलं तर बदली सुट्टी कधीची ते त्याच दिवशी मेसेजवर लिहून घ्या, आणि कमिटीने "कशाला पाहिजे लेखी?" विचारलं तर त्यांना कलम ६(२) चं पान उघडून दाखवायला हरकत नाही, तिथे ते लागू नाही, पण मजा येते.