डॅलसमध्ये मोठी एसयूव्ही घेताय? आधी लांबी ठरवा, मग ट्रिम, नाव सगळ्यात शेवटी

फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंग या भागात नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी घराचं मार्गी लागलं की गाडीकडे वळतात. मग हमखास विचारणा होते: एस्कलेड घ्यावी की युकॉन डेनाली? नॅव्हिगेटर कशी आहे? कोणती ट्रिम, म्हणजे त्याच गाडीची कमी-जास्त सोयींची कोणती आवृत्ती, घेतली की पैसे वसूल होतात? मी इथे बरीच वर्षं आहे, मुलं इथेच मोठी झाली आणि दर उन्हाळ्यात भारतातून कोणी ना कोणी येतंच. माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडीची लांबी आणि बसण्याची रचना घरच्या माणसांवरून ठरवायची, ट्रिम टेक्ससच्या हवेवरून, आणि पुढच्या जाळीवरचं नाव सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट पुष्कळांना इथे येऊनही माहीत नसते. शेवरोलेची टाहो आणि सबर्बन, जीएमसीची युकॉन आणि युकॉन एक्सएल, आणि कॅडिलॅकची एस्कलेड या सगळ्या गाड्या आपल्या शेजारच्या आर्लिंग्टनच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तयार होतात. खालचा सांगाडा एकच. टाहोची हाय कंट्री ट्रिम, युकॉनची डेनाली ट्रिम आणि साधी एस्कलेड या तिघींत तेच ६.२ लिटरचं व्ही८ इंजिन आहे, ४२० हॉर्सपॉवरचं, आणि तोच दहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फरक आहे तो आतल्या साहित्यात, आवाज अडवण्यात, स्क्रीनमध्ये आणि नावात. २०२५ च्या एस्कलेडमध्ये डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ५५ इंचांचा पडदा आहे. बघितल्यावर कोणीही भुलेल. पण डेनाली साधारण ८० हजार डॉलरच्या आसपास सुरू होते आणि एस्कलेड ९० हजारांच्या आसपास, आणि एस्कलेडची सगळ्यात खालची ट्रिम घेण्यापेक्षा डेनाली नीट निवडून घेतलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. मॅग्नेटिक राइड कंट्रोल हे रस्त्याप्रमाणे क्षणात कडक-मऊ होणारं सस्पेन्शन डेनालीत मुळातच मिळतं. कॅडिलॅक बघायला गेलात तर ज्या ट्रिमचा भाव सांगतायत तिच्या स्टिकरवर हे शब्द आहेत का, ते आधी शोधा.

स्टिकर म्हणजे नव्या गाडीच्या काचेला चिकटवलेला तो मोठा कागद. १९५८ च्या कायद्याने तो बंधनकारक आहे. कायदा आणणाऱ्या सिनेटरच्या नावावरून त्याला मोनरोनी स्टिकर म्हणतात. मूळ किंमत, ट्रिममध्ये काय आलं, वरून कोणते ऑप्शन घातले, गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च, सगळं त्यावर असतं. शेजारी डीलरने आपला दुसरा एक कागद चिकटवलेला असेल तर तो वेगळा वाचा. टायरमधला नायट्रोजन, रंगावरचं कोटिंग, काचांची फिल्म असल्या गोष्टींचे हजारो डॉलर त्यात असतात आणि त्यावर घासाघीस करता येते. तीच ट्रिम दोन डीलरांकडे असली तरी ऑप्शनमुळे गाड्या वेगळ्या निघतात. म्हणून माहितीपत्रकांऐवजी दोन स्टिकरांचे फोटो काढून घरी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर ठेवून वाचा.

आता लांबीचं. टाहो आणि युकॉन साधारण साडेसतरा फूट आहेत. सबर्बन जवळजवळ २२६ इंच, लांब एस्कलेड म्हणजे ईएसव्ही २२७ इंच. आपल्याकडच्या दोन गाड्यांच्या गॅरेजची आतली खोली बहुधा २० फूट, म्हणजे २४० इंच. ईएसव्ही आत गेली तर पुढेमागे मिळून एक फुटाच्या आसपास जागा उरते. त्यात भिंतीला शेल्फ असेल, वॉटर हीटर असेल तर गाडी बाहेरच. डॅलसमध्ये गाडी बाहेर राहिली की मार्च ते जून गारांच्या तावडीत. लिंबाएवढ्या गारा पडल्या की बॉनेट आणि छप्पर खड्ड्याखड्ड्यांचं होतं, म्हणून इथे गारा, चोरी असल्या नुकसानीचा कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा आणि त्याचं डिडक्टिबल, म्हणजे भरपाईआधी आपल्या खिशातून जाणारी रक्कम, गाडी घ्यायच्या आधीच विचारून घ्यायचं असतं. मापाची टेप घ्या, गॅरेजचं दार बंद करून आतून खोली मोजा आणि तो आकडा फोनमध्ये ठेवून मगच शोरूममध्ये पाऊल टाका.

पण मग लांब गाडी घ्यायचीच कशाला? डिकीसाठी. तिसरी रांग उभी असताना टाहो-युकॉनच्या मागे साडेपंचवीस घनफूट जागा असते, सबर्बन आणि युकॉन एक्सएलमध्ये साडेएकेचाळीस. आई-वडील भारतातून येतात तेव्हा प्रत्येकी तेवीस किलोच्या दोन बॅगा, वर हातातलं सामान, आणि त्यांना आणायला सगळी फौज विमानतळावर. तिसऱ्या रांगेत मुलं बसली की त्या चार बॅगा छोट्या गाडीत बसवताना दमछाक होते. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातल्या दोन मोठ्या बॅगा आणि मुलाची कार सीट घेऊनच जा. सेल्समन काही म्हणत नाही, उलट दार उघडून देतो. बॅगा ठेवून डिकीचं दार लावून बघा, कार सीट मधल्या रांगेत बसवून मागे जायला वाट राहते का ते बघा. मधल्या रांगेत दोन वेगळ्या खुर्च्या असल्या तर मुलं मधून मागे जातात. अखंड बाक घेतलात तर आठ जण बसतात, पण कार सीट लावल्यावर तिच्यामागून वाट काढणं कटकटीचं होतं. लहान मुलं असलेल्या घरांना मी खुर्च्याच घ्यायला सांगते.

ज्येष्ठांसाठी चढण बघा. माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. साडी सावरत एक हात दाराच्या आतल्या मुठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर, अशा त्या चढतात. अशा घरात दार उघडताच बाहेर येणारी पायरी आणि थांबल्यावर गाडी दोन इंच खाली बसवणारं एअर सस्पेन्शन या दोन ऑप्शनचे पैसे मी डोळे मिटून देईन. स्क्रीनवर आणि २४ इंची चाकांवर नाही देणार. मोठ्या चाकाला टायरची कड पातळ येते, खड्डा जास्त जाणवतो आणि टायर महाग पडतात.

हवेचं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातो आणि पार्किंगमध्ये तापलेली काळी लेदर सीट चटका देते. त्यामुळे इथे गार हवा देणारी, व्हेंटिलेटेड सीट ही चैन नाही. ती पुढे आहे की मधल्या रांगेतही, तिसऱ्या रांगेला एसीचे झरोके कुठे आहेत, हे गाडी उन्हात उभी असताना मागे बसून तपासा. आतला रंग फिका घ्या. उलट फोर-व्हील ड्राइव्हचे तीनेक हजार डॉलर इथे वाचवता येतात. बोट ओढायची नसेल, कोलोराडोला दर हिवाळ्यात जायचं नसेल, तर मागच्या चाकांवर चालणारी गाडी पुरते, आणि टेक्ससमध्ये तशा गाड्या मुबलक मिळतात.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. लिंकन नॅव्हिगेटरमध्ये व्ही८ नाही, ३.५ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही६ आहे, ४४० हॉर्सपॉवरचं. आतून शांत आणि फार आरामशीर. २०२५ पासून तिचं मागचं दार वर-खाली दोन भागांत उघडतं. बीएमडब्ल्यू एक्स७ आणि मर्सिडीज जीएलएस चालवायला या सगळ्यांपेक्षा गोड, पण तिसऱ्या रांगेमागे एक्स७ मध्ये १२.८ आणि जीएलएसमध्ये १७.४ घनफूटच जागा. म्हणजे सातही जणांचं सामान विसरा. लेक्सस एलएक्स टिकाऊपणाच्या नावावर घेतली जाते, पण तिच्या तिसऱ्या रांगेत मोठा माणूस बसवू नये. आणि हेही मनापासून सांगते: टोयोटाच्या सिएना या मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे साडेतेहेतीस घनफूट जागा आहे, साध्या एस्कलेडपेक्षा जास्त, आणि हायब्रिड असल्याने ती गॅलनला ३६ मैल देते. ट्रेलर ओढायचा नसेल तर एकदा ती चालवून मगच पुढे जा.

जुनी गाडी बघत असाल तर इथे नीट लक्ष द्या. एप्रिल २०२५ मध्ये जनरल मोटर्सने याच ६.२ लिटर इंजिनाच्या २०२१ ते २०२४ च्या सुमारे सहा लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या, क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड या इंजिनाच्या आतल्या भागांमधल्या दोषासाठी. तपासणीत नापास झालेल्यांना नवं इंजिन, पास झालेल्यांना जाड तेल. दोन-तीन वर्षं वापरलेली डेनाली किंवा एस्कलेड स्वस्तात दिसली तर तिचा सतरा अंकी-अक्षरी व्हिन नंबर केंद्र सरकारच्या एनएचटीएसए या वाहन-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर घालून बघा, फुकट आहे. ते काम झाल्याचा सर्व्हिसचा कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पैशांकडे येऊ. नव्याने आलेल्यांना इथली क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्ज आणि कार्ड वेळेवर फेडल्याची नोंद, नसते आणि त्याचा फटका व्याजदरात बसतो. ८० हजार डॉलरचं कर्ज सहा वर्षांसाठी ६ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे १,३२५ डॉलर, १२ टक्क्यांनी घेतलं तर सुमारे १,५६५. सहा वर्षांत सतरा हजारांचा फरक! त्यामुळे पहिलं वर्ष साधी गाडी चालवून क्रेडिट कार्ड वेळच्या वेळी भरणं हाच सगळ्यात मोठा डिस्काउंट आहे. एच-१बीवर असाल तर काही बँका कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपुरतीच ठेवतात, तेही आधी विचारा. डीलरकडे जाण्यापूर्वी एखाद्या क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडून, कर्जाची पूर्वमंजुरी घ्या. सेल्समन ‘महिन्याला किती परवडेल?’ असं विचारेल. तुम्ही एकूण रक्कम मागा, सगळे कर, फी, नंबर प्लेट धरून. टेक्ससचा वाहन कर सव्वासहा टक्के आहे, आणि जुनी गाडी त्याच डीलरला दिलीत तर तिची किंमत वजा करून उरलेल्यावर लागतो.

दोन सल्ले तुम्हाला पार्ट्यांमध्ये हमखास मिळतील. एक, सहा हजार पौंडांपेक्षा जास्त वजनाच्या गाडीची किंमत टॅक्समध्ये वजा होते. ती सवलत धंदा करणाऱ्यांना आणि धंद्यासाठी वापरलेल्या गाडीलाच आहे, पगारदारांना नाही. दुसरा, गाडीच्या कर्जाच्या व्याजाची टॅक्समधली वजावट. ती २०२५ ते २०२८ साठी खरंच आहे, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, पण नव्या आणि अमेरिकेत जोडलेल्या गाडीलाच, आणि नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न दोन लाख डॉलरवर गेलं की ती कमी होत जाते. आर्लिंग्टनच्या गाड्या त्यात बसतात, जपानहून येणाऱ्या लेक्सस एलएक्स आणि इन्फिनिटी क्यूएक्स८० बसत नाहीत.

सही करायच्या खोलीत शेवटी वाढीव वॉरंटी आणि गॅप विमा पुढे येतो. गाडी पूर्ण निकामी झाली तर तिची किंमत आणि उरलेलं कर्ज यांतला फरक गॅप विमा भरतो. डाउन पेमेंट कमी असेल तर गॅपचा विचार करा, पण आपल्या विमा कंपनीचा भाव आधी विचारून ठेवा. जुलै २०२५ पासून टेक्ससमध्ये कागदी प्लेट बंद झाली आहे, डीलर धातूचीच प्लेट लावून देतो. तो नंबर त्याच संध्याकाळी टोल आपोआप कापणाऱ्या तुमच्या टोलटॅगच्या खात्यात घाला, नाहीतर टोलरोडचं बिल चढ्या दराने घरी येतं.